लिव्हरपूलनं पोरं खेळवली, मग आमचे तीन गोल मोजायचे की नाही?

सेलहर्स्ट_मंगळवारपेठ

भावांनो, प्रश्न वर लिहिलाय तेवढाच आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही. थोडं लांबेल.

इंग्लंडच्या फुटबॉल लीग कपची परवाची मॅच, लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, लिव्हरपूल विरुद्ध आमचं क्रिस्टल पॅलेस. आपल्याकडं ३० ऑक्टोबर २०२५ उजाडलेला, रात्रीचा सव्वा वाजलेला. मी शिरोलीला फौंड्रीत आहे, सेकंड शिफ्ट करून घरी यायला बारा वाजून जातात. लाईट लावला की आई उठते. म्हणून स्वयंपाकघरात अंधारातच पाटावर बसलो, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला आणि हेडफोन एकाच कानात घातला. दुसरा कान आईच्या खोलीकडं. ४१ व्या मिनिटाला इस्माइला सारनं पहिला मारला. हाफ टाइमच्या तोंडावर त्याचाच दुसरा. शेवटी शेवटी येरेमी पिनोचा तिसरा. ॲनफिल्डवर ०-३! ओरडता येईना, तर शेजारची पाण्याची कळशी दोन्ही हातांनी गच्च धरून बसलो होतो. हात गार पडले तरी सोडली नाही.

सकाळी ग्रुपवर माझ्या जुन्या दोस्ताचा मेसेज. तो पक्का लिव्हरपूलवाला. "दहा बदल केले होते रे आमच्या कोचनं. पोरं होती. ही मॅच मोजू नकोस." त्यानं चिडवायला लिहिलं नव्हतं, समजुतीनं लिहिलं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

आता कोल्हापुरात पॅलेस कुठनं आलं, हे सांगतो. मे २०१४. राजारामपुरीत मित्राच्या खोलीवर आम्ही आठ जण, सात जण लिव्हरपूलचे. लिव्हरपूल लीग जिंकायच्या बेतात. पॅलेसच्या मैदानावर त्यांचे तीन गोल झालेले, आमच्या खोलीत नाच चाललेला. मग ७९ व्या मिनिटाला डिलेनीचा गोल, ८१ व्याला ड्वाइट गेलचा, ८८ व्याला पुन्हा गेलचा. ३-३. सुआरेझ शर्टात तोंड खुपसून रडत होता. खोलीत तर कुणी मेल्यासारखी शांतता. आणि टीव्हीवर त्या जुनाट स्टँडमधली माणसं बघत होतो मी. तीन गोल खाल्लेले असतानासुद्धा ती गातच होती. जिंकून त्यांना काही मिळणार नव्हतं, ना कप, ना युरोपातल्या स्पर्धेत जागा. त्या रात्रीपासून मी पॅलेसचा.

तेव्हापासून आमच्या टीमचा हिशेब सांगतो. २०१३ ला वरच्या लीगमध्ये आल्यापासून बारा सीझन झाले. सगळ्यात वर गेलो तो दहावा नंबर, सगळ्यात खाली पंधरावा. बाराही सीझन याच्या बाहेर कुठं गेलो नाही. एप्रिल आला की खाली जायची भीती नसते आणि वर जायची आशाही नसते. शनिवारची मॅच बघायची ती आपली माणसं खेळतायत म्हणून. मला त्यात काही कमी वाटत नाही. पण वर्षातनं एखादा दिवस जीव टांगणीला लागावा असं कुणालाही वाटतंच, आणि आम्हाला तो दिवस फक्त कप देतो.

२०१६ ची एफए कप फायनल, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या मोठ्या कपची. ७८ व्या मिनिटाला आमच्या पंचननं मँचेस्टर युनायटेडवर गोल केला. तीन मिनिटं आम्ही पुढं होतो. ८१ व्याला माटानं बरोबरी केली, जादा वेळेत लिंगार्डनं संपवलं. ती तीन मिनिटं मी नऊ वर्षं जपून ठेवली.

मग १७ मे २०२५, पुन्हा एफए कप फायनल. समोर मँचेस्टर सिटी. हालांड होता, डी ब्रुइन होता. १६ व्या मिनिटाला मुन्योझच्या क्रॉसवर आमच्या एझेनं चेंडू जाळ्यात घातला. मग सिटीला पेनल्टी मिळाली, मार्मूशनं मारली, आमच्या गोलकीपरनं, हेंडरसननं, उजवीकडं झेप घेऊन अडवली. उरलेला सगळा वेळ चेंडू सिटीच्याच पायात. शेवटी दहा मिनिटं जादा! तीही काढली. क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा कप. त्या दिवशी आईला मीच उठवलं, लाईट लावून.

तो विजय कुणीच "मोजू नको" म्हणू शकत नाही, कारण समोरचा पूर्ण ताकदीनं आला होता. २७ सप्टेंबरला आमच्याच मैदानावर लिव्हरपूलला २-१ हरवलं, एन्केतियाचा ९७ व्या मिनिटाचा गोल, त्यांची पहिली टीम होती. त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही. परवा मात्र तीन गोलनं जिंकून माझ्या हातात काही राहिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मोठा क्लब कपला पोरं पाठवतो तेव्हा हरतानासुद्धा आमचा विजय बरोबर घेऊन जातो. आम्हाला त्यांच्याएवढं मोठं व्हायचं नाही. त्यांनी मॅचला यावं एवढंच मागणं आहे. हे चुकीचं आहे का?

---

लाल_राजारामपुरी

तो मेसेज पाठवणारा दोस्त मीच. भावा, सकाळी चहा घेता घेता लिहिलं, तुला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. पण मतावर ठाम आहे, कारण सांगतो.

आम्ही लीगमध्ये लागोपाठ चार मॅच हरून आलेलो. पॅलेस, चेल्सी, युनायटेड, ब्रेंटफर्ड. तीन दिवसांनी पुन्हा लीग, मग युरोपची सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग. २०२४ पासून तिथं गटातल्या सहाऐवजी पहिल्या टप्प्यात आठ मॅच झाल्यात. खेळाडूच्या पायात मॅच मोजूनच असतात. सिटीचा रॉड्री सप्टेंबर २०२४ मध्ये म्हणाला, एवढ्या मॅच लावल्या तर खेळाडू संपावर जातील. त्यानंतर आठवड्याच्या आत त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि सीझन जवळजवळ गेला. अशा वेळी कोचनं कुणाला वाचवायचं?

आणि पोरं म्हणजे अपमान, हे मला अजिबात मान्य नाही. १७ डिसेंबर २०१९ ला लीग कपमध्ये ॲस्टन व्हिलानं आम्हाला ५-० धुतलं, कारण पहिली टीम दुसऱ्या दिवशीच्या मॅचसाठी कतारला होती. त्या पोरांसाठी मी पूर्ण मॅच बघितली. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच कपच्या फायनलला जादा वेळेत मैदानावर आमची अकादमीची पोरं होती, समोर चेल्सीचे कोट्यवधींचे खेळाडू. ११८ व्या मिनिटाला व्हॅन डाइकनं हेडर मारला आणि कप घरी आणला. ती रात्र मला लीग जिंकल्यापेक्षा कमी नाही. पोरं हरली तर मोजू नका आणि जिंकली तर मोजा, असं मी म्हणत असेन तर ते चूक आहे. तेवढं मागं घेतो. तुमचे तीन गोल मोजले.

---

बावड्याचा_युनायटेड

सेलहर्स्ट भावा, तू मागतोयस ते काय असतं ते मी २७ ऑगस्टला भोगलंय. ग्रिम्सबी, चौथ्या डिव्हिजनची टीम. आमचे शेस्को, कुन्या, एम्बेउमो सगळे मैदानात. २-२, मग पेनल्टीचा टायब्रेकर. एकेक करत गोलकीपरसुद्धा मारून गेले. १२-११. शेवटची एम्बेउमोनं मारली ती बारवर. ग्रिम्सबीची माणसं मैदानात धावली आणि मी टीव्ही बंदही केला नाही, बघत राहिलो. त्या माणसांना आयुष्यभर कुणी सांगू शकणार नाही की पोरांना हरवलं म्हणून. ते त्यांचं पूर्ण आहे.

पण एक गोष्ट लक्षात घे. आम्ही मोठे खेळाडू उतरवले ते कपवर प्रेम आहे म्हणून नाही. मागच्या सीझनला आम्ही पंधरावे आलो, या सीझनला युरोपच नाही. ज्याला बुधवारी दुसरं काम नाही तो कप मनापासून खेळतो. युरोप मिळालं की आमचा कोचसुद्धा दहा बदल करणार, आणि तेव्हा मी त्याला शिव्या देणार नाही. खरं तेच सांगतोय.

---

गंगावेस_दूधकट्टा

सार काय पळतो हो! दुसरा गोल तीनदा बघितला.

मला एक कळलं नाही. एफए कप जिंकणारा युरोपा लीगला जातो ना? मग पॅलेस त्याच्या खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये कसं?

---

सेलहर्स्ट_मंगळवारपेठ

लाल, तू तीन गोल मोजलेस, माझं भांडण मिटलं. संध्याकाळी ये.

दूधकट्टा ताई, तुमच्या प्रश्नावर बोलायला सुरुवात केली की माझं डोकं फिरतं, पण नीट सांगतो. आमच्या क्लबमध्ये जॉन टेक्स्टर नावाच्या अमेरिकन माणसाचा मोठा हिस्सा होता. फ्रान्सचा लियोन क्लबही त्याच्याच कंपनीचा. दोघंही युरोपा लीगला पात्र ठरले. एका मालकाचे दोन क्लब एका स्पर्धेत नकोत, हा नियम बरोबर आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. हे मिटवायची मुदत होती १ मार्च २०२५. आमच्या लोकांनी ती चुकवली, ही चूक आमच्याच घरची. मार्चमध्ये कप जिंकायचं आमच्या स्वप्नातही नव्हतं, हे खरं असलं तरी कागद तो कागद. टेक्स्टरनं नंतर हिस्सा विकला, पण जुलैत युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं, आम्हाला खाली ढकललं आणि ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादानंही तेच कायम केलं. आमची जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेली.

आता दुसरी बाजू बघा. त्याच्या आदल्याच सीझनला मँचेस्टर सिटी आणि स्पेनचं जिरोना, दोन्हीत एकाच मालकाचा हिस्सा, दोघं चॅम्पियन्स लीगमध्ये. युनायटेड आणि फ्रान्सचं नीस, दोन्हीत एकाच मालकाचा हिस्सा, दोघं युरोपा लीगमध्ये. त्यांना शेअर ट्रस्टमध्ये ठेवायची वाट करून दिली आणि ते वेळेत करून मोकळे झाले. त्यांच्याकडं वकिलांचा मजला असतो. त्यांना बहुतेक वर्षी युरोप असतं, म्हणून असा कागद त्यांचा आधीच तयार असतो. आमच्यासारख्याला शंभर वर्षांत एकदा लागतो. नियम सगळ्यांना सारखाच, हे मान्य. पण तो वाचायची सवय कुणाला आहे?

बावडा, तू खरं सांगितलंस त्याबद्दल आभार. पण हे "दुसरं काम" वाढवलं कुणी? बुधवारची जागा युरोपला लागते म्हणून २०२४-२५ पासून एफए कपचे रिप्ले, म्हणजे बरोबरी झाली की पुन्हा खेळायच्या मॅच, काढून टाकले. १९९० ला आमची फायनल ३-३ झाली होती, रिप्ले खेळून १-० नं हरलो. हरलो तरी दोनदा वेम्बली बघितलं त्या पिढीनं. २००५ मध्ये एक्सेटरची गोष्ट बघ. लीगच्याही खालची टीम, कर्जात बुडालेली. तुमच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० करून आली, घरी रिप्ले मिळाला, दोन मॅचच्या पैशावर क्लब तगला. आज तीच ०-० झाली तर त्याच दिवशी जादा वेळ आणि पेनल्टी करून मोकळे. मोठ्यांचे पाय वाचतात, एक्सेटरचं काय?

---

जुनी_गॅलरी

बाळा, तुझं सगळं वाचलं. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पन्नास वर्षं बसतोय. विलायतेचं मला फार कळत नाही, नातू दाखवतो तेवढंच. पण तू म्हणतोस ते दुखणं आपल्याकडंही आहे, म्हणून लिहितोय.

आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको. लीगला आम्ही कायम मधे. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, शिवाजी, खंडोबा यांच्या मॅचला गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. आमच्या मॅचला उन्हात रुमाल टाकून आडवं पडता येतं. बरीच वर्षं झाली, नॉकआउटला आमची गाठ एका मोठ्या संघाशी पडली. त्यांचे दोन परदेशी फॉरवर्ड होते, त्यांना त्या दिवशी बसवलं होतं. पुढं मोठी मॅच होती त्यांची. आमच्यात गल्लीतलं एक पोरगं होतं, गॅरेजवर काम करणारं. त्याचे बूट फाटले होते म्हणून थोरल्या भावाचे घालून आलेलं. एक नंबर मोठे. पुढं चवड्यात कापूस कोंबला होता. त्या पोरानं गोल मारला आणि आम्ही १-० नं जिंकलो. रात्री हलगी, गुलाल, सगळं झालं. मैदानातनं परत येताना त्यानं बूट काढले, तर तो कापूस रक्तानं लाल झालेला. अंगठ्याचं नख निघालं होतं, त्याला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर एकजण म्हणालाच, "ते दोघं असते तर?" मी त्याला विचारलं, त्यांचा गोलकीपर तरी तोच होता ना? बॅक तेच होते ना? त्या पोराला त्या मिनिटाला समोर कोण दिसत होतं? तो काही बोलला नाही.

तेव्हा तुझा राग बरोबर असेल, पण परवा गोल मारणारा तो सार, त्यानं समोर कोण आहे हे बघून पळायचं कमी केलं होतं का? तू त्याच्या बाजूनं विचार कर. कागदावर ०-३ आहे.

आणि एक. मोठ्या टीमनं आमचा पोरगा नेला की मला जास्त दुखतं. चार पोरं तयार झाली की दोन पुढच्या सीझनला दुसऱ्या पेठेच्या कीटमध्ये दिसतात. त्यांना चार पैसे मिळतात, मी कसा नको म्हणू? पण गॅलरीत बसून आपल्याच पोरानं आपल्यावर गोल मारलेला बघायचा, ते बरं नाही वाटत.

---

सावंतवाडीकर

काकांनी शेवटी लिहिलं ते वाचून थांबलो. आमच्याकडून गोवा जवळ, म्हणून आम्ही लहानपणी डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग बघत वाढलो. डेम्पो देशाची लीग पाच वेळा जिंकलेला क्लब. २०१६ मध्ये हे तिन्ही क्लब आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या जुन्या लीगमधून, बाहेर पडले, कारण नवी इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, पहिली आणि आय-लीग दुसरी असा आराखडा पुढं आला होता. मैदानावर न हरता खालच्या वर्गात बसायचं कुणाला पटेल? तुमच्या पॅलेसला दहावा नंबर तरी मिळतो भावा. खाली जाता येतं, वर येता येतं. आयएसएल २०१४ ला सुरू झाली आणि आय-लीग जिंकून वर यायची पहिली वाट पंजाबला मिळाली ती २०२३ मध्ये. आणि या वर्षी, २०२५ च्या जुलैपासून आयएसएलच अडकून पडलीय, करार संपतोय म्हणून. ऑक्टोबर संपला, लीगचा पत्ता नाही. लिव्हरपूलनं पोरं का होईना, पाठवली. आमच्याकडं मॅचच नाही.

---

सेलहर्स्ट_मंगळवारपेठ

सावंतवाडीकर, तुमच्यापुढं माझं दुखणं लहान आहे, हे मान्य करतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा आमच्या चौकात पडदा लावून बघितलं होतं. तशी पोरं अजून आहेत इथं. ती कुठं खेळणार, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

काका, तुमची कापसाची गोष्ट दोनदा वाचली. आईलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, त्या पोराच्या पायाला नंतर कुणी हळद लावली का ते विचार.

सारच्या बाजूनं विचार करा म्हणालात, ते पटलं. त्याच्यापुरते तीन गोल पूर्णच आहेत. पण मी गॅलरीतला माणूस आहे काका, तुमच्यासारखाच. मला मैदानातली दोन्ही बाजूची माणसं लागतात. तुमच्या त्या मॅचला ते दोन फॉरवर्ड खेळले असते आणि त्या पोरानं तरी गोल मारला असता, तर तुम्हाला चहाच्या गाडीवर काही विचारावंच लागलं नसतं. मला ते पाहिजे.

आणि आपल्या पोरानं आपल्यावर गोल मारायचं म्हणालात, ते माझ्या बाबतीत याच आठवड्यात झालं. कप आणून देणारा तो एझे, त्याला ऑगस्टमध्ये आर्सेनलनं नेलं. लहानपणी त्यांनीच त्याला अकादमीतनं काढून टाकलं होतं, तो वणवण फिरून आमच्याकडं मोठा झाला, मग परत त्यांचाच झाला. २६ ऑक्टोबरला, भाऊबीज होऊन तीन दिवस झालेले, संध्याकाळी चिवडा घेऊन बसलो आणि त्यानं हवेतल्या हवेत फिरून आमच्यावर गोल मारला. १-०. वेम्बलीवर मारला होता जवळजवळ तसाच. मी चिवड्याची वाटी खाली ठेवली. त्याचा राग आला नाही. तुमच्या त्या पोरांचा तुम्हाला येत नाही तसाच.

परवा लिव्हरपूलची मॅच झाल्यावर पुढच्या फेरीचे ड्रॉ निघाले. क्वार्टर फायनल, डिसेंबरात, आर्सेनलच्या मैदानावर, आम्ही आणि ते. त्यांना तेव्हा लीग आहे, चॅम्पियन्स लीग आहे, दहा बदल करायला शंभर कारणं असतील. तरी त्यांनी त्या रात्री एझेला खेळवावं. साका, राईस, सगळ्यांना आणावं. आम्ही हरलो तर लाल, तू सकाळी पहिला मेसेज टाक, मी मोजीन.

काका, रविवारी माझी सुट्टी आहे. मॅच असेल तर तुम्ही कुठल्या बाजूच्या गॅलरीत असता ते सांगा.

---

जुनी_गॅलरी

हळद त्याच्या आईनं लावली होती. रात्री घरी गेल्यावर आधी चांगल्या शिव्या दिल्या, मग लावली.

सीझन सुरू झाला की ये. मी दुपारच्या पहिल्या मॅचलाच येतो, सावलीतली जागा तेव्हाच मिळते. दोन रुमाल टाकून ठेवीन.